गिअरबॉक्स उतरवायच्या आधी

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाट चढून आम्ही पाटणला चहाला थांबलो. चहा पिऊन गाडीत बसलो तर पहिला गिअर पडेना. दांडा पुढे रेटला की खर्रर्र आवाज आणि तळहाताला झिणझिण्या. रिव्हर्सची तीच गत. शेवटी इंजिन बंद करून पहिला टाकला, तसाच स्टार्टर मारला आणि आचके देत गाडी रस्त्यापलीकडच्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं दांडा दोनदा हलवून निकाल दिला, "गिअरबॉक्स उतरवाय लागंल. आतल्या रिंगा गेल्यात." खर्चाचा आकडा ऐकल्यावर घरी कसं पोचायचं यापेक्षा ही गाडी विकायची कुणाला, याचाच विचार डोक्यात सुरू झाला.

त्याच आवारात एक वयस्कर मिस्त्री ट्रॅक्टरखाली आडवे पडून काम करत होते. त्यांनी खालूनच विचारलं, "इंजिन बंद असताना पडतोय का?"

पडत होता. पाचही गिअर, अगदी दोन बोटांनी.

"मग बॉक्सवर कशाला आळ घेता? क्लच सुटंना झालाय."

बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी निम्म्याच्या खाली होती. बऱ्याच गाड्यांत ब्रेकला आणि क्लचला मिळून ही एकच डबी असते, आणि क्लचकडे जाणारी नळी तिला मुद्दाम थोडी वरच्या अंगाला जोडलेली असते. गळती लागून तेल उतरलं तर आधी क्लच जावा, ब्रेक शाबूत राहावेत, असा तो हिशेब. आमच्या गाडीत क्लचच्या खालच्या सिलिंडरचं रबरी सील फाटलं होतं. सील बदललं, नळीतली हवा काढली, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही कराडला होतो.

या प्रकारानंतर मी गिअरबॉक्सबद्दल वाचत गेलो, मिस्त्र्यांना छळत गेलो, आणि एक गोष्ट पक्की झाली. गिअरबॉक्स हा गाडीतला फार सोशिक भाग आहे. त्याच्या नावावर खपणाऱ्या तक्रारींतल्या पुष्कळशा मुळात त्याच्या बाहेरच्या कशाच्या तरी असतात. तो खरोखर मरतो तेव्हा बहुतेक वेळा दोनच कारणांनी: उष्णता, आणि कमी, जुनं किंवा चुकीचं तेल.

आत नेमकं काय चालतं

शेतातला मोठा दगड हाताने हलत नाही, पहार लावली की हलतो. पहारीचं आपल्याकडचं टोक हातभर खाली येतं तेव्हा दगड जेमतेम बोटभर सरकतो. ताकद वाढते, पण अंतर जातं. गिअर म्हणजे फिरणारी पहार. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवतं तेव्हा मोठं चाक सावकाश पण जोरात फिरतं.

इंजिनाला याची गरज पडते, कारण त्याचा जोर ठरावीक फेऱ्यांतच असतो. पेट्रोल इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर नुसतं गुरगुरतं, ६००० च्या आसपास त्याचा दम संपतो. लहान गाडीच्या पहिल्या गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिनाच्या साधारण १४ फेऱ्या लागतात, पाचव्यात तीनच्या आसपास. म्हणून भरलेली गाडी घेऊन घाटातल्या वळणावर उभ्यानं निघायचं तर पहिलाच लागतो, आणि द्रुतगती मार्गावर पाचव्यात इंजिन शांत राहतं.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये क्लच. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील, पलीकडे प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या कचाट्यात क्लच प्लेट, जणू दोन तळहातांत दाबून धरलेली भाकरी. पॅडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की धरते. अर्धवट सोडलं की प्लेट घासत राहते आणि तापते. "हाफ क्लच" म्हणतात तो हाच.

राहिला गिअर पडण्याचा भाग. आजच्या मॅन्युअल बॉक्समध्ये पुढे जाण्याचे सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा चाकं सरकत नाहीत. शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या चाकांपैकी एकाला आपण शाफ्टशी बांधतो, इतकंच. बांधण्याआधी दोघांचा वेग सारखा करावा लागतो, आणि ते काम सिंक्रोनायझर रिंग करते. ही बहुधा पितळेची, आतून उतरती. ती आधी फिरत्या चाकाला घासून त्याचा वेग जुळवते आणि मगच दात अडकतात. १९२८ साली कॅडिलॅकने ही सोय गाडीत आणली. त्याआधीचे चालक, आणि नंतरही कितीतरी वर्षं ट्रकवाले, हे काम पायाने करत: न्यूट्रलला एकदा क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडचा "डबल क्लच" तो हाच.

पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला ही रिंग नसते, आणि त्याचे दात तिरपे नसून सरळ कापलेले असतात. म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकला की तो खरखरतो, आणि मागे जाताना एक वेगळीच "उंऽऽ" ऐकू येते. ती उंऽऽ बिघाड नाही. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर गाडी घेऊन निघा.

आवाज केव्हा येतो, ते सांगा

गॅरेजात जाऊन "गिअरबॉक्स वाजतोय" म्हणणं म्हणजे डॉक्टरला "दुखतंय" म्हणण्यासारखं आहे. कुठे, केव्हा, काय केल्यावर थांबतं, हे सांगता आलं की निम्मं निदान घरीच होतं.

पहिली परीक्षा पाटणच्या मिस्त्रींची. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन सुरू करून पाहा. बंद असताना सहज पडतात आणि सुरू असताना सगळेच अडतात, रिव्हर्स तर फारच, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग क्लचची केबल ताणून सैल झाली आहे का, तेल उतरलंय का, सिलिंडर गळतोय का, हे बघायचं. दोन्ही वेळा जड लागत असतील तर दांड्यापासून बॉक्सपर्यंत जाणारी केबल, रॉड किंवा त्याचे बुश पाहायचे. हे बुश प्लॅस्टिकचे, क्षुल्लक दिसणारे, आणि झिजले की दांडा वरणातल्या डावासारखा फिरतो. फक्त एकच गिअर खरखरतो, बाकी नीट, असं असेल तरच संशय आतल्या रिंगेवर. तो एक बहुधा दुसरा असतो, कारण शहरात सगळ्यात जास्त वेळा खालीवर होणारा तोच.

दुसरी परीक्षा न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून, काचा वर करून. पॅडलवरचा पाय काढल्यावर घरघर येते आणि पॅडल दाबलं की थांबते, तर बॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलट, पॅडल दाबल्यावरच किणकिण किंवा घासल्यासारखा आवाज येतो, तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे क्लचच्या घरातला.

तिसरी परीक्षा चालत्या गाडीत. गुणगुण गाडीच्या वेगाबरोबर वाढते, गिअर कोणताही असो, न्यूट्रललाही थांबत नाही? आधी चाकाचं बेअरिंग तपासा. मोकळ्या रस्त्यावर हलकंसं डावी-उजवीकडे वळवून आवाज कमीजास्त होत असेल तर बहुतेक तेच. पूर्ण वळणावर "कट-कट-कट" येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. त्याच्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालं की आत धूळ जाते आणि सांधा खलास होतो. अॅक्सिलरेटर दिला-सोडला की "धप्" होत असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटवर बसवलेले असतात ती बघा. मोडकं माउंट कधीकधी गिअरही बाहेर फेकतं, कारण आख्खा बॉक्स हलला की दांड्याची केबल ओढली जाते. या तिन्हींतलं एकही काम गिअरबॉक्स उघडून होत नाही.

क्लच घसरतोय का, हे कळायला चढाची वाट पाहायची गरज नाही. चौथ्यात ४०-५० च्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर चांगला दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरतेय. जळक्या कागदासारखा वास आला तर शंकाच नको. मात्र केबलचा क्लच असेल तर आधी पॅडलचा मोकळा खेळ तपासून घ्या. खेळ उरलाच नसेल तर चांगली प्लेटसुद्धा पूर्ण धरत नाही आणि घसरते. खेळ जास्त असेल तर क्लच सुटत नाही. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच नट असू शकतो.

क्लचचं काम काढलंच तर

क्लच प्लेट किती चालते याला किलोमीटरचं उत्तर नाही. एकाची ३०,००० वर जाते, दुसऱ्याची तेच मॉडेल असून लाखाच्या पुढे. फरक डाव्या पायात असतो. पाय पॅडलवर नुसता टेकवून ठेवला तरी रिलीज बेअरिंग सतत फिरत राहतं आणि पकड किंचित सैल होते. सिग्नलच्या चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं ही तर हौशीने प्लेट जाळण्याची पद्धत आहे. मला ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याने हेच कौशल्य म्हणून शिकवलं होतं.

प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवायचाच. मजुरीचा मोठा भाग तिथेच जातो. म्हणून नुसती प्लेट बदलून पैसे वाचवू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकदमच बदलतात. बॉक्स खाली असतानाच इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील पाहून घ्यावं. ती गळत असतील तर नव्या प्लेटवर तेल उडेल आणि चार महिन्यांत सगळं पुन्हा खाली. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग निळसर पडला असेल किंवा त्याला बारीक तडे असतील तर तो घासून घ्यायचा की बदलायचा, हेही तेव्हाच ठरवायचं. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं. ते महाग येतं, म्हणून कामाला हात लावण्याआधी आपल्या गाडीत ते आहे का, हे विचारा.

तेल

इंजिन ऑइल प्रत्येक सर्व्हिसला बदलणारी माणसं गिअर ऑइलचं नाव काढत नाहीत. त्याचा मुक्काम लांब असतो हे खरं, कारण त्यात इंधनाची काजळी जात नाही. पण पितळेची झीज, लोखंडाची झीज आणि उष्णता त्याला सोसावीच लागते. लहान गाडीत ते दोन लिटरच्या आसपास मावतं. कधी बदलायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि जिथे नुसतं "तपासा" लिहिलंय तिथेही ६०-७० हजारांनंतर मी बदलतोच.

डब्यावरचे दोन आकडे समजून घ्या. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा दाटपणा. आकडा मोठा म्हणून घाबरू नका, गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गिअरचं ७५डब्ल्यू-९० हे साधारण इंजिनाच्या १०डब्ल्यू-४० इतकंच दाट असतं. दुसरा आकडा जीएल-४ किंवा जीएल-५. जीएल-५ मध्ये जास्त दाब सोसणारी गंधकाची रसायनं अधिक असतात. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे तो जोर दोन चाकांत वाटणाऱ्या भागात, दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना ती हवीतच. पण सिंक्रोनायझरच्या रिंगेला पकडायला थोडं घर्षण लागतं. तेल जास्तच निसरडं झालं की रिंग नुसती सरकते आणि गिअर खरखरतो, शिवाय काही जीएल-५ तेलं पितळ खातात. "साहेब, पाच नंबर म्हणजे चारपेक्षा भारी" असं दुकानदार म्हणाला तरी पुस्तिकेत चार असेल तर चारच घ्या. काही गाड्यांच्या मॅन्युअल बॉक्सला तर कंपनीच इंजिन ऑइल सांगते. तिथे आपली अक्कल चालवू नये.

बदलताना एक नियम पाळायचा, आणि गॅरेजवाल्यालाही तो पाळायला लावायचा. आधी तेल भरायच्या भोकाचा बोल्ट सोडवा, मग तेल काढायच्या भोकाचा. भरायचा बोल्ट गंजून बसला असेल आणि तुम्ही आधीच तेल काढून टाकलं असेल, तर कोरडा गिअरबॉक्स घेऊन तुम्ही तिथेच अडकलात. बहुतेक बॉक्समध्ये भरायच्या भोकातून तेल ओघळू लागलं की पातळी पुरी झाली, पण त्यासाठी गाडी सपाट उभी हवी, एका बाजूने जॅकवर नको.

निघालेलं तेल लगेच ओतून देऊ नका. काढायच्या बोल्टला बऱ्याचदा लोहचुंबक असतं. त्याला लागलेला करडा, काजळासारखा लगदा ही रोजची झीज आहे, पुसून टाकायची. तांदळाच्या कणीएवढे तुकडे सापडले तर मात्र दात मोडतोय. तेलात सोनेरी चमक तरंगत असेल तर पितळेच्या रिंगा झिजताहेत. दुधाळ झालं असेल तर पाणी गेलंय.

पाण्यावरून पुराची आठवण होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, किंवा २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा, ज्या गाड्या चाकाच्या वरपर्यंत पाण्यात होत्या, त्यांच्या इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. पण गिअरबॉक्सलाही श्वास घ्यायची बारीक नळी असते. तापलेला बॉक्स गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि त्या नळीतून, सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग गंजून घरघरायला लागतात. गाडी अशा पाण्यातून आली असेल तर गिअर ऑइल काढून बघायचंच, आणि दुधाळ निघालं तर नवं भरून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं.

हायड्रॉलिक क्लचच्या तेलाचंही इथेच सांगून टाकतो. ते ब्रेक ऑइलच असतं आणि हवेतला ओलावा शोषतं. कोकणात तर जास्तच. दर दोन वर्षांनी ते बदललं असतं तर पाटणचा चहा आम्ही निवांत प्यायलो असतो.

एएमटी: मॅन्युअलच, फक्त पाय दुसऱ्याचा

एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. भारतात हा प्रकार २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर आला. क्लच पॅडल नाही म्हणून लोक याला ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत साधाच मॅन्युअल बॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. दांडा आणि पॅडल हलवायचं काम एक यंत्र करतं. म्हणून वर लिहिलेलं क्लचचं आणि तेलाचं सगळं याला लागू. उलट इथे धोका थोडा जास्त, कारण चढावर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरली की आत हाफ क्लच चाललेला असतो आणि पायाला त्याचा पत्ताच नसतो. चढावर ब्रेक किंवा हँडब्रेक वापरा. लांब सिग्नलला न्यूट्रल करा.

एएमटी गाडी गिअर मध्येच सोडू लागली, डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकू लागला, तर आधी बॅटरी तपासा. कमी दाबाने येणारी वीज या यंत्राला गोंधळात टाकते. प्लेट झिजत जाते तसा क्लच धरण्याचा बिंदू सरकतो, तो संगणकाला नव्याने शिकवावा लागतो. हे काम स्कॅनर जोडून अर्ध्या तासात होतं. नवी प्लेट टाकल्यावर ते केलं नाही तर नवीन गाडीही आचके देते, आणि मालकाला वाटतं पार्ट डुप्लिकेट बसवला.

खरा ऑटोमॅटिक

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. इंजिन एक पंखा फिरवतं, तेलाचा झोत दुसऱ्याला फिरवतो, आणि म्हणून सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. पुढे ग्रहांच्या रचनेसारखे गिअर: मध्ये एक चाक, भोवती छोटी चाकं, बाहेर दातांचं कडं. यातलं कोण थांबवायचं आणि कोण फिरू द्यायचं यावर गिअर ठरतो. थांबवण्याचं काम लहान लहान क्लच करतात, आणि त्यांना दाबतं ते तेलच.

म्हणजे एकच तेल वंगण करतं, गारवा देतं, दाब पोचवतं, आणि क्लचना योग्य पकडही देतं. म्हणून इथे "कुठलंही चांगलं तेल" चालत नाही. कंपनीने सांगितलेलंच लागतं. आणि म्हणूनच त्याचं बिघडणं महागात पडतं.

काही कंपन्या म्हणतात, हे तेल आयुष्यभराचं. कुणाच्या आयुष्यभराचं, हा प्रश्न विचारावा. जर्मनीची झेडएफ अनेक नामवंत गाड्यांसाठी गिअरबॉक्स बनवते. गाडीच्या पुस्तिकेत "आयुष्यभर" लिहिलेलं असतानाही ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. ज्याने बॉक्स बनवला त्याचं ऐकावं, असं माझं मत. पुण्या-मुंबईच्या रहदारीत आणि घाटात चालणारी गाडी असेल तर आकड्याच्या अलीकडच्या टोकाला.

नवं तेल बहुधा लाल असतं. थोडं काळपट होणं ठीक, पण काळं पडून जळका वास येत असेल तर क्लचचं अस्तर जळतंय. गुलाबी, दाट, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी क्रीमसारखं दिसू लागलं तर गाडी तिथेच बंद करा. काही गाड्यांत हे तेल रेडिएटरमधूनच गार होतं. मधला पडदा फुटला की कूलंट तेलात मिसळतं आणि क्लचचं अस्तर सुटून येतं.

खालचा बोल्ट काढून तेल बदललं तर निम्म्याच्या आसपासच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही ठिकाणी मशीन लावून सगळं तेल ढकलून काढतात. दीड लाख किलोमीटर कुणी हात न लावलेल्या बॉक्सवर दाबाने असं फ्लशिंग करायला माझा विरोध आहे. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" ही कहाणी अशाच गाड्यांची असते. बहुतेक वेळा तो आधीच जायला टेकलेला असतो हे खरं, पण हललेली घाण बारीक वाटांत अडकण्याची भीतीही खोटी नाही. निम्मं बदलायचं, हजारभर किलोमीटर चालवायचं, पुन्हा निम्मं बदलायचं. बॉक्सला फिल्टर असेल तर पहिल्याच वेळी तो बदलून घ्यायचा. पातळी मात्र ठरावीक तापमानालाच, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात. अंदाजपंचे ओतणाऱ्या गॅरेजात हे काम देऊ नका.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, वेग घेईना, दिवा लागला, म्हणजे संगणकाने बॉक्स वाचवायला तसं मुद्दाम केलंय. स्कॅनर लावल्यावर पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काहीतरी तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार आत शिरून वाचावी लागते. एखादा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारी विजेची झडप), सेन्सर किंवा वायरचा सॉकेट निघाला तर काम काही हजारांत उरकतं. नुसता पी०७०० वाचून "बॉक्स बदलावा लागेल" म्हणणाऱ्याकडून आतल्या कोडची चिठ्ठी मागून घ्या.

दोन सवयी ऑटोमॅटिकवाल्यांसाठी. चढावर गाडी लावताना सरळ "पी" (पार्क) मध्ये टाकून पाय काढला की गाडीचं सगळं वजन आतल्या एका बोटाएवढ्या खुंटीवर येतं. आधी ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यायची, आणि मग "पी". दुसरं, गाडी बंद पडली तर ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो ती जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका. तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकांबरोबर आतले गिअर मात्र कोरडे फिरत राहतात. सपाट पाटीच्या क्रेनवरच चढवायला सांगा.

सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचाच आणखी एक प्रकार, त्यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुली रुंद-अरुंद होतात आणि मधला पट्टा त्यांच्यावर वरखाली सरकतो. १९५८ साली नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने रबरी पट्ट्यावर हे गाडीत आणलं, आता पट्टा पोलादाचा असतो. याचं तेल पूर्ण वेगळं. साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा पुलीवर घसरून ओरखडे काढतो आणि ते भरून निघत नाहीत. दोन क्लचचे बॉक्स, म्हणजे डीएसजी, डीसीटी वगैरे, गिअर क्षणात बदलतात. पण त्यांचा कोरड्या, म्हणजे तेलात न बुडलेल्या, क्लचचा प्रकार कासवगतीच्या रहदारीत तापतो. २०१३ साली डीएसजीच्या तक्रारींवरून फोक्सवॅगनला चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. असा बॉक्स असेल तर इंच-इंच सरकू नका, पुढे गाडीभर जागा झाली की मगच हला.

बॉक्स खरंच गेला तर

तीन वाटा: आहे तो खोलून दुरुस्त करायचा, कंपनीचा नवा घ्यायचा, किंवा जुना मिळवायचा. मॅन्युअल बॉक्स चांगला मिस्त्री खोलून नीट करू शकतो. एक बेअरिंग गेलं म्हणून उघडलाच आहे तर सगळी बेअरिंग आणि सीलं बदलावीत, दुसऱ्या गिअरच्या रिंगेबरोबर तिसऱ्याचीही पाहून घ्यावी. ऑटोमॅटिक मात्र ज्याने तोच प्रकार आधी खोललाय त्याच्याकडेच द्यावा, मग त्यासाठी दुसऱ्या शहरात पाठवावा लागला तरी.

जुना घ्यायचा तर मुंबईत लोक कुर्ल्याच्या भंगार बाजाराकडे वळतात. तिथे मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेलच्या बॉक्सचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या ते, वेगळं असतं, कधीकधी वर्ष बदललं की तेही बदलतं. आपल्या बॉक्सवरचा नंबर फोटो काढून घेऊन जा आणि तोच नंबर शोधा. घेण्याआधी काढायचा बोल्ट सोडवून दोन थेंब तेल बोटावर घ्या. पुढचा शाफ्ट हाताने वरखाली हलवून पाहा, डुगडुगला नाही पाहिजे. प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट फिरवा. विकणारा म्हणाला, तेल आधीच काढून टाकलंय, तर चुंबक तरी पाहू द्या म्हणावं. तेही पुसून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दुकानात जा.

बसवल्यावर नवं तेल घालून हजारभर किलोमीटर चालवा, आणि ते एकदा काढून बघा. जुने पार्ट पिशवीत भरून मागून घ्या. गॅरेजवाला नाराज झाला तरी चालेल.